खेमचा पाय

सकाळच्या सरावात मोटरसायकलवर खेमचा गिअर तीनदा हुकला. सरळ पट्ट्यावर गाडी पुरती ताणलेली असताना गिअर हुकला की इंजिन नुसतं किंचाळतं, चाकाला काही पोचत नाही आणि मागचे गडी हां हां म्हणता पुढे निघून जातात. बुनलू मेकॅनिकने ती किंचाळी पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथल्या, भिंतीशी उभं राहून तिन्ही वेळा ऐकली. दोष गाडीचा असेल असं त्याला वाटेना.

कारण गिअरबॉक्स त्याने मंगळवारीच उघडून पाहिला होता. दाते शाबूत, गिअर सरकवणारा फोर्क सरळ, क्लच चोख. मग उरलं काय? उरला खेमचा डावा पाय. गेल्या मोसमात त्याच्या घोट्याचा चुरा झाला होता, आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू होते. डॉक्टरांनी पाय बरा म्हणून कागद दिला होता, पण शर्यतीच्या गावात कागदावर कोण विश्वास ठेवतो!

संघाचे मालक थनाकोन लॅपटॉप घेऊन बुनलूकडे आले.

"दादा, ही रेघ बघ. गिअरच्या दांड्यावरचा दाब. गिअर पडला तरी दाब उतरत नाही. पोरगा पाय उचलतच नाहीये वेळेवर."

या गाडीला गिअर बदलताना क्लच दाबावा लागत नाही. पायाचा दाब कळला की इंजिन पापणी लवायच्या आत दम सोडतं आणि गिअर सरकतो. पण पहिला दाब उतरल्याशिवाय दुसरा कळत नाही, आणि मग गिअर अर्ध्यात लोंबकळतो.

"मला पोरगा आवडतो," थनाकोन हळू आवाजात म्हणाले. "पण त्याला परत आडवा झालेला मला बघवणार नाही. दुपारच्या सरावात एकदा जरी हुकला, तर उद्या शर्यतीत गाडीवर दुसरा बसेल."

हळू म्हटलं खरं, पण गॅरेजच्या मागे कोळशावर काड्यांना टोचलेलं डुकराचं मांस भाजणाऱ्या साइजाईला ते ऐकू गेलं. साइजाई म्हणजे खेमची आई. लेकाच्या अपघातानंतर ती प्रत्येक शर्यतीला शेगडी घेऊन हजर असे आणि अख्ख्या संघाला चिकट भात खाऊ घाली. शेगडीला वारा घालणारा तिचा पंखा थांबला. मग परत हलू लागला.

खेम बर्फाच्या पेटीवर बूट काढून घोटा चेपत बसला होता. गिअर अधूनमधून हुकू लागल्यापासून, गेले तीन आठवडे, तो पुन्हा लंगडत होता.

"काका, खरं सांगू? मला वाटतं मी पाय उचलतो. पण आता माझाच माझ्यावर भरवसा नाही."

"गप बस, लेका," बुनलू खेकसला. वाईट वाटलं की तो असाच खेकसायचा.

लॅपटॉपशी त्याचं कधी जमलं नव्हतं. पण आता त्याने तो मांडीवर ओढला आणि रेघ सरकवत नेली. फेऱ्या संपल्या. खेम आत आला. गाडी स्टँडवर चढली, इंजिन बंद झालं. रेघ तरीही वरच.

"साहेब!" तो ओरडला. "इकडे या. इथे गाडी स्टँडवर आहे, पोरगा समोर पाणी पितोय. मग हा दाब कोणाच्या पायाचा? भुताच्या?"

थनाकोननी आ वासला. खेम एका पायात बूट घालून लंगडत आला.

बुनलूने दांडा हाताने उचलून सोडला. परत आला, पण पुरता नाही. शेवटचं तांदळाच्या दाण्याएवढं अंतर तो तसाच अडून राहिला. कधी इंजिनाच्या थरथरीने मोकळा होत असणार, कधी नाही. दांडा ज्यावर फिरतो तो बोल्ट काढला, तर आत ग्रीसच्या जागी पांढरा, खरखरीत चिखल.

तो कुठून आला हे बुनलूला विचारावं लागलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी, नव्या वर्षाला, गाडी विहारात नेली होती. भन्तेंनी टाकीवर पांढऱ्या मातीचे ठिपके काढले, मंत्राचं पाणी शिंपडलं. साइजाई हात जोडून म्हणाली होती, "भन्तेजी, डाव्या बाजूला थोडं जास्त शिंपडा हो." भन्तेंनी अर्धी बादली ओतली. ओली माती ओघळत दांड्यापर्यंत गेली. आणि गाडीचा नट न् नट पुसणारा बुनलू? त्या बाजूला त्याचं फडकं कधी फिरलंच नाही. आशीर्वाद कोण पुसतो? तीन आठवडे तिथे ग्रीसही नाही. काखेत कळसा ठेवून त्याने अख्खा गिअरबॉक्स पालथा घातला होता, आणि निर्दोष पायाला फाशी द्यायची वेळ आणली होती. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ती माती त्याने कोरून काढली, पण जमिनीवर टाकली नाही. तिथे लोकांचे पाय पडतात. कागदात बांधून खिशात ठेवली. टाकीवरचे ठिपके तसेच राहू दिले. नवं ग्रीस भरलं, दांडा सोडला. खट्!

दुपारी खेमने बारा फेऱ्या मारल्या. बुनलू भिंतीला छाती टेकून ऐकत होता. चौथा, पाचवा, सहावा. बाराच्या बारा वेळा स्वच्छ. शेवटच्या फेरीनंतर त्याचा जीव भांड्यात पडला.

"उद्या तूच," थनाकोन खेमला म्हणाले आणि त्याची पाठ थोपटून गेले.

आता एक काम राहिलं होतं. बुनलू शेगडीपाशी गेला आणि कागदाची पुडी उघडली.

"ताई, ही विहारातली माती. दांड्यात गेली होती. मी पुसली नाही, चूक माझी."

साइजाई पुडीकडे बघत राहिली. आपण जास्त मागितलेलं पाणी तिला आठवलं असणार, तिचा चेहरा उतरला. मग एकदम तिने विचारलं, "म्हणजे पाय बरा आहे?"

"पाय कधी चुकलाच नव्हता."

तिने पंख्याआड तोंड लपवलं आणि ती मोकळेपणी रडली. तेवढ्यात हेल्मेट काखेत मारून खेम आला. तिने त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि चिमट्यानेच दंडावर फटका दिला.

"मेल्या, तीन आठवडे मला लंगडून दाखवत होतास!"

"अगं, खरंच दुखत होता!"

"आणि आता?"

खेमने खाली पायाकडे पाहिलं. गॅरेजपासून इथपर्यंत आपण न लंगडता चालत आलो, हे त्याच्या आत्ता लक्षात येत होतं.

"आता," तो म्हणाला, "भूक लागलीये."