खालचं खाचर

आदेश, जीपची चावी खिशात ठेव नि टेक जरा. च्या उकळेपर्यंत तुला एक गोष्ट सांगतो, गिरजाची. वरच्या आळीतली, आपल्या धाकलूची बायको. तू तवा भिवंडीला गोडाऊनात व्हतास, तुला आतलं ठाव नाय.

गेल्या उन्हाळ्यात धाकलूनं राब भाजला. भाताच्या रोपासाठी पाला-शेण पसरून पेटवायचं नि राख सारखी करत फिरायचं. रोपाच्या जागेत वहाण घालून जायचं नाय, ही आपली बापजाद्यांची चाल. पण धाकलूला साखर, पाय बधिर. विस्तवावर पाय पडला, कातडं जळलं, नि गड्याला पत्ता नाय! सांजचं पाय धुताना गिरजाला दिसलं.

जखम पिकली. मुरबाडच्या बाजारात एकजण सुया मारायचा, त्याच्या सुया झाल्या. जखम पायात, सुई दंडात. अंगठा काळा पडाय लागला तशी गिरजानं तुझ्या बापाची जीप बोलावली, शहापूरला न्यायला. धाकलू आत बसला, नि लखमा आडवा आला. लखमा म्हंजे धाकलूचा थोरला चुलतभाऊ, पाड्यात त्याच्या शब्दाबाहेर कोण जात नाय. बॉनेटवर हात आपटून सगळ्यांदेखत म्हणतो, "काय रे धाकल्या, बायकोचा पदर धरून पाय कापून घ्याय चाललास? अजून एक सुई घे, भारीतली. फिरव रे जीप!"

लोकं हसली. धाकलू लाजून उतरला. तुझ्या बापानं जीप फिरवली.

मग काय, नेला तवा गुडघ्यापासून पाय गेला. डॉक्टरीणबाईनं गिरजाला समजावलं, "मावशी, औषध खोटं नव्हतं. पण औषध रक्ताबरोबर जातं. साखरेनं पायाच्या नसा बुजल्यात. रक्तच पोचत नाही, तिथं औषध कसं पोचेल? आधी आणलं असतं, तर नस मोकळी करून बघता आली असती."

गिरजा भाताची बाई, तिला पुढं सांगाय लागलं नाय. वरच्या खाचरात कितीबी पाणी सोड, मधली मोरी गाळानं बुजली तर खालचं खाचर कोरडंच. तिनं दवाखान्याच्या पायरीवर बसून कडाकडा बोटं मोडली. "लखमा, तुझंबी खालचं खाचर वाळंल. मी बघीन."

घरी आली नि धाकलूची गेलेल्या पायाची, आता बिनकामाची चप्पल कुडाच्या खुंटाला टांगली, लखमाच्या दाराकडं तोंड करून. पावसात भिजली, उन्हात वाकडी झाली, पण काढली नाय.

नि यंदा लखमानं राब भाजला. साखर त्यालाबी हाय, त्याचाबी पाय तसाच भाजला.

त्याची बायको ठकी गिरजाच्या दारात आली. "गिरजे, तुझ्या घरात झालंय गो हे. जरा येऊन बघ."

गिरजा गेली. वर्षानं तो उंबरा वलांडला. लखमाचा पाय मांडीवर घेतला. रांजणासारखा गार. करंगळी काळीनिळी. तिनं हळूच करवंदीचा काटा टोचला. लखमा आपला बिडी ओढीत बोलतोय, त्याला काय पत्ताच नाय.

"सुया चालू हायेत," लखमा म्हणाला. "आता भारीतली घेतो. उतरंल ना गो?"

गिरजाच्या जिभेवर सगळं व्हतं. मोरी, गाळ, डॉक्टरीणबाई, सगळं. दारातून तिला ती वाकडी चप्पल दिसली.

"भारीतली हाय ना भावजी? मग उतरंल की," ती म्हणाली. "तुमच्याच तोंडचं औषध."

नि पदर झटकून उठली.

घरी धाकलू कुबडी धरून दारात. "काय गो, माझ्यासारखंच?"

"तुमच्यासारखंच."

"सांगितलंस त्याला?"

"नाय."

"अगं, भाऊ हाय माझा!"

"पाय तुमचा व्हता." नि नाचणीच्या भाकरी थापाय बसली. थापा अशा पडत व्हत्या की खालच्या आळीला ऐकू जावं.

लखमाचं घर खालच्या आळीत, धाकलूला कुबडीवर तो उतार उतरवत नाय. त्यानं मला धाडला. लखमानं मला हाकलला, "तूबी बायकांत गेलास का रे?" म्हणून. गिरजाला मी बोल लावणार नाय. तिच्या जागी मी असतो तर तिथं बसून हसलोबी असतो. पण ठकीनं कुणाचं काय खाल्लंय? गावात एक कुबडी बास झाली.

घे, च्या घे. मग जीप काढ नि लखमाच्या दारात लाव. ठकीला सांगून ठेवलंय, ती नि मी धरून आत घालतो त्याला. तो शिव्या घालंल, बॉनेटवर हात आपटंल, फिरव म्हणंल. आदेशा, तू तेवढी जीप फिरवू नको.