डिसेंबरच्या अंकातली चौदा नावं

मृदुलाने आयुष्यात चुका थोड्या केल्या नाहीत, पण त्या शुक्रवारी जी केली ती फक्त शनिवार पाळणाऱ्या घरातली लेकच करू जाणे. तिने सूर्य इथला धरला, नेदरलँड्समधल्या डीमन गावचा. आणि काम होतं नगर जिल्ह्यातल्या सूर्याशी.

आढावांचं घराणं ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे रविवारऐवजी शनिवार पाळणारे ख्रिस्ती. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ सुरू, तो शनिवारच्या सूर्यास्ताला संपायचा. तेवढ्या वेळात काम नाही, बाजार नाही. मृदुलाचे वडील गुरुनाथ यांनी तर त्यात फोनही घातला होता. सूर्य टेकला की फोन बंद करून कपाटाच्या खणात टाकायचे. मग जग बुडालं तरी चोवीस तास खण उघडायचा नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गावातल्या चर्चच्या मंडळीचा वडील म्हणजे प्रमुख, आणि हट्टी तर असा, की विचारू नका.

हा हट्ट आला कुठून? दामोदरकडून. गुरुनाथांचे आजोबा, मृदुलाचे पणजोबा. मिशनच्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायचे. बायबल जुळवता जुळवता त्यांच्या मनाने घेतलं, की देवाचा दिवस शनिवार. झालं! शनिवारी कामावर जाईनात. साहेबाने तीन वेळा समजावलं, चौथ्यांदा हाकललं. दामोदरने एक जुनं पायाने चालवायचं यंत्र मिळवलं, बैलगाडीत घालून गावी आणलं, आणि अकरा घरांची मंडळी उभी केली. ‘पहारेकरी’ नावाचं मासिक काढलं. लिहायचे तेच, जुळवायचे तेच, छापायचे तेच, आणि खांद्यावर गठ्ठा टाकून गावोगाव वाटायचेही तेच. घंटा वाजवून लोकांना उपासनेला बोलवायचे, तेही स्वतःच.

मृदुला दहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्सला आली. आता झुइडास नावाच्या व्यापारी भागातल्या कंपन्यांचे अहवाल घरी बसून मांडून द्यायची. लॉकडाउनमध्ये तिने पणजोबांचं चरित्र लिहायला घेतलं. सगळ्यात गाजलं ते मानमोडीचं प्रकरण. एकोणीसशे अठराची ती साथ, माणसं माश्यांसारखी मरत होती, आणि दामोदरने चर्चचं दार उघडं ठेवलं, घंटा वाजवली, सगळे जमले, आणि एकही दगावला नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. तिने अगदी रंगवून लिहिली. पुरावा म्हणून त्या वर्षाच्या डिसेंबरचा अंक हवा होता, पण घरच्या बाडात नेमका तोच नव्हता.

“उंदरांनी खाल्ला,” पप्पा म्हणाले होते.

मार्चमध्ये ते प्रकरण मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. चर्चं बंद ठेवायचा सरकारी हुकूम होता. आणि बुधवारी पप्पांनी फोनवर सांगितलं, की येत्या शनिवारी सकाळी नऊला घंटा वाजणार. साठ माणसं, निम्मी साठीच्या पुढची.

“पप्पा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

“तूच लिहिलंयस की,” ते म्हणाले. “आजोबांनी दार लावलं नाही. मी का लावू?” आणि खोकले.

“खोकला कसला हा?”

“समोर गिरणी आहे. पीठ उडतं.”

मृदुलाची वाक्यं तिच्यावरच उलटली होती. रात्रभर तिला स्वतःचाच संताप येत राहिला.

आता तो अंक. लायडनच्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या, ओळखीच्या अभिरामला तिने सहज विचारून ठेवलं होतं, आणि पठ्ठ्याला तो सापडला, एका डच मिशनऱ्याच्या मागे राहिलेल्या कागदांत. मंगळवारी त्याने स्कॅन पाठवलेही. पण बाईसाहेबांची एका बँकेच्या अहवालाची मुदत होती! मेल तशीच पडून राहिली. शुक्रवारी दुपारी अल्बर्ट हाइन या दुकानातून सामान आणलं, शब्बाथचा स्वयंपाक उरकला, आणि सव्वाचारला, सूर्यास्ताला अजून साडेचार तास आहेत म्हणून, ती निवांत लॅपटॉपपुढे बसली.

पहिल्याच पानाला काळी चौकट होती. आत चौदा नावं. सहावं नाव लीलावती, दामोदरची बायको. मृदुलाची पणजी! ती बाळंतपणात गेली असं घरात सांगायचे. खाली मजकूर होता:

‘हे चौदा जण माझ्या शब्दावर आले. मजला आदल्या दिवसापासून ज्वर होता. तो मी कोणास कळू दिला नाही, व घंटा वाजविली. उपदेशास मीच उभा राहिलो. मी वाचलो, ते गेले. ह्यास मी विश्वास म्हणत होतो. तो माझा हट्ट होता. साथ सरेपर्यंत दार बंद राहील. प्रार्थना घरोघरी करावी. हा अंक जपून ठेवावा.’

मृदुलाने फोन उचलला, पप्पांचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. तिथे पावणेआठ झाले होते. सूर्य बुडून तास होत आला होता. फोन खणात होता, उद्या संध्याकाळपर्यंत.

“काय झालं?” तिची मुलगी अपूर्वा डोकावली.

“आजोबांचा शब्बाथ सुरू झाला गं.”

“बट इट्स स्टिल लाइट आउटसाइड!” पोरगी म्हणाली. मृदुलाला रडूच फुटलं.

मंडळीतल्या सगळ्यांचे फोन बंद. तेवढ्यात आठवली गिरणीवाली सुनीतीमावशी. तिला कसला आलाय शब्बाथ! तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

“मावशी, पाया पडते, फोन घेऊन पप्पांकडे जा. त्यांनी हातात घेतला नाही तर स्पीकरवर धरा. पण दारातच उभ्या राहा, तोंडाला बांधून.”

मावशी गेली. कडी वाजली, दार उघडलं, पप्पांचा चिडका आवाज आला, “सुनीताबाई, आज शब्बाथ आहे.”

“सुनीती. पंचवीस वर्षं झाली शेजाराला,” मावशी म्हणाली. “पोरगी रडतीये. ऐका मुकाट्यानं.”

मृदुलाने सलामसुद्धा केला नाही. सरळ वाचायला लागली. चौदा नावं वाचली, लीलावतीचंही वाचलं. ‘मजला आदल्या दिवसापासून ज्वर होता’ इथवर आली, आणि पलीकडून पप्पा म्हणाले, “पुरे.”

“पप्पा, अजून पुढे आहे.”

“पुरे म्हणतो ना!” आणि दार लागल्याचा आवाज आला.

“गेले गं आत,” मावशी म्हणाली. “दिवापण घालवला.”

शनिवार कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. पहाटे साडेपाचला, म्हणजे तिथल्या नऊला, ती खिडकीत उभी राहिली, जणू डीमनमध्ये घंटा ऐकू येणार होती. मावशीला लावला, तर ती भल्या सकाळी माहेरी कोणी वारलं म्हणून गेलेली. मृदुला बायबल उघडून बसली, एक ओळ डोक्यात शिरेना. पप्पांनी घंटा वाजवली असेल का? साठ माणसं त्या लहानशा खोलीत बसून गात असतील का? माझ्या गोष्टीपायी? देवा, एवढ्या दिवसांत एक मेल उघडता आली नाही मला!

साडेतीनला फोन वाजला. तिथे सूर्य बुडाला होता.

“सलाम, मृदू.” आवाज बसलेला होता, धाप लागत होती.

“पप्पा, घंटा?”

“नाही वाजवली. चर्चला कुलूप घातलं. लोक आले त्यांना लांबूनच हात केला, रस्त्यापलीकडे उभं केलं, आणि चौदा नावं सांगितली. काही लोक चिडले. म्हातारा घाबरला म्हणाले. पण गेले घरी.”

“नावं तुमच्या लक्षात राहिली? एकदाच तर वाचली मी.”

“उंदरांनी नव्हता खाल्ला तो अंक,” ते म्हणाले. “मी जाळला. वडील वारले त्या वर्षी. मंडळी नुकती वाढत होती, म्हटलं हे कशाला लोकांच्या डोळ्यांपुढे? जाळायच्या आधी दहादा वाचला. मग ती गोष्ट सांगत बसलो, आणि सांगून सांगून मलाच खरी वाटायला लागली, बघ.”

मृदुलाला राग यायला हवा होता. आलाही. पण तो बाहेर पडायच्या आत पप्पांना खोकल्याची ढास लागली. थांबेचना.

“गिरणी बंद आहे आज, पप्पा,” ती म्हणाली. “मावशी गावात नाही.”

“हो,” ते म्हणाले. “ताप बुधवारपासून आहे. आज सकाळी तपासून आलो. करोनाच आहे. काल तू वाचलं नसतंस ना, तर नऊ वाजता उपदेशाला मीच उभा होतो.” पुन्हा धाप. “नगरहून गाडी येतीये न्यायला. ऐक. ते पान पुस्तकात घाल. काळ्या चौकटीसकट. आणि मी जाळलं तेही लिही. लिहून झालं की लगेच पाठव, मला प्रुफं तपासायचीयत.”

“पाठवते, पप्पा.”

“लवकर पाठव,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

बाहेर लख्ख ऊन होतं. तिचा शब्बाथ संपायला अजून पाच तास होते, आणि जन्मात तिने तो कधी मोडला नव्हता. तिने लॅपटॉप उघडला आणि मानमोडीचं प्रकरण पहिल्या ओळीपासून खोडायला घेतलं.