वरचा सांधा

"ज्योत डाखाच्या कांडीला दाखवू नकोस, सूनबाई. तांब्याला दाखव. तांब्याला पटलं की कांडी आपणहून वितळते."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा सासऱ्यांचा हा आवाज तिच्या कानी पडला आणि तिथेच घर करून राहिला. त्यांच्या लेकाला आगीची धास्ती. तो गाडी चालवी, सामान पोचवी आणि सांधे जोडायची गॅसची बत्ती पेटली की जिन्यात जाऊन उभा राही. "हा दूधसुद्धा दुरून तापवतो," असं हसत म्हणत म्हाताऱ्याने सुनेला हाताशी घेतलं होतं. केसांची वेणी घालायला शिकावी तशी ती नळीला नळी जोडायला शिकली.

आता या जुन्या इमारतीचं काम त्यांच्याकडे होतं. घरोघरी खिडकीखाली एकेक यंत्र, उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब देणारं. आतली कॉइल, म्हणजे तांब्याच्या नळीचं वेटोळं, झिजून झिजून गळायला लागलेलं. गॅस निघून जाई, घर थंडगार पडे. जुनी कॉइल कापायची, नवी बसवायची, सांधे जोडायचे. कापणं, घासणं, पुसणं तिचं. बत्ती मात्र अजून सासऱ्यांची.

अलीकडे ती आणखी एक काम गुपचूप करी. नळीत दाब भरून सांध्याला साबणाचा फेस लावला की फेसात बारीकसा फुगा डोकं वर काढी. म्हणजे सांधा कच्चा. "मामंजी, गाडीतला मोठा पाना आणता?" ते खाली जात, पहारेकऱ्याशी त्यांच्या गप्पा रंगत. तेवढ्यात ती दाब सोडून, बत्ती पेटवून सांधा नव्याने करी. ते परत येईतो नळी निवलेली असे.

एकाच घरात तिला ते जमलं नव्हतं. ऐन वेळी शेजारच्या घरातून तिला हाक आली आणि तो कच्चा सांधा तसाच राहिला. आज त्याच घराचं दार बाळंतिणीच्या आईने उघडलं.

"या, या! मागच्या आठवड्यात बसवलंत ते काय, शोभेला? लेकराचे पाय बघा, बर्फ झालेत."

आत बाळंतीण दोन रजया गुंडाळून, बाळाला पोटाशी घेऊन बसली होती.

"कॉइलच खराब निघाली असेल, आजीबाई," सासरे म्हणाले आणि सांधे सोडवून त्यांनी पुन्हा जोडले. बराच वेळ लावला. मग तिने दाब भरला, फेस लावला. वरच्या सांध्यावर फुगा आला.

"मामंजी, तो पाना..."

"कसला पाना? हा काय, तुझ्या पायाशी."

"मग खालून पाणी तरी..."

"पाणी या घरात नाही का? काय चाललंय तुझं?" ते गुडघ्यांवर हात टेकून तिच्या शेजारीच बसले. "बघ, फुगा येतोय का?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! पिशवी आवरायची, निघायचं. संध्याकाळपर्यंत खोली पुन्हा गारठली असती. पाठीमागे बाळ शिंकलं.

"येतोय, मामंजी. वरच्या सांध्यावर. आणि बाकीच्या घरांतही आले होते. तुम्ही खाली गेलात की मी जोडून घ्यायची."

सासरे वाकले, इतके वाकले की फेस नाकाच्या शेंड्याला लागला. फुगा वाढला, फुटला, दुसरा आला. ते त्याच्या शेजारी, जिथे काहीच नव्हतं तिथे बघत होते.

तिने दाब सोडला. हवा सुस्कारत निघून गेली.

"रागावलात?"

"तुझ्यावर?" त्यांनी बाहीने नाक पुसलं. बत्ती उचलली, दोन्ही हातांत धरून ठेवली. मग ती त्यांनी सुनेच्या मांडीवर ठेवली.

"मला ज्योत दिसत नाही गं आता. निळं कुठे संपतं आणि तांबं कुठे लागतं, काही उमगत नाही. घरात कुणाला बोललो नाही. म्हटलं, हेसुद्धा तुझ्या हाती गेलं तर मी दिवसभर करू काय?"