चौतीसशेचा पंप

३,४००

कंपनीने ठरवलेला भाव. बॅटरीवरचा फवारणी पंप याहून एक रुपयाही कमी घेऊन विकायचा नाही. मिरजगावात माझं दुकान, आणि दुकानात खपतो तो हाच पंप. मागच्या महिन्यात मोबाईलवर पत्र आलं. आपण कमी भावाने विक्री केल्याचे समजले. पुन्हा आढळल्यास माल बंद.

समजले. कोणाकडून?

३,३१०

सहादेव. समोरच्या दुकानदाराचा मेहुणा. मुद्दाम त्याला नव्वद रुपये सोडले.

"कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू?" म्हणाला. फार लवकर म्हणाला.

३,२५०

कडूबाई. हिचा भाचा कंपनीच्या गोडाऊनला कामाला.

"पीटरभाऊ, आज लई सोडले," ती म्हणाली. आज का म्हणाली?

३,१८०

अजिनाथ. कंपनीचा माल याच्याच टेम्पोतून येतो. भाव ऐकून तो माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे.

तिघांना तीन भाव. पुढच्या पत्रात जो आकडा येईल, तो माणूस.

३,३१०, ३,२५०, ३,१८०

पत्रात तिन्ही आले. खाली: ही शेवटची सूचना.

म्हणजे तिघंही? सहादेवने रामराम घातला, मी खाली वाकून काहीतरी शोधत बसलो. कडूबाई नोझल बदलायला आली, तिला पावती आणायला परत पाठवलं. अजिनाथला चहा विचारणं बंद केलं.

[ ]

आज गोरक्षनाथ आला. खर्ड्याचा. इथे कोणाला ओळखत नाही, म्हणून त्याला साडेबत्तीसशेला दिला.

लिडियाने, माझ्या बायकोने, नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकाचा मोबाईल घेतला. खोक्यावरचा कोड स्कॅन केला, कंपनीचा वॉरंटीचा फॉर्म भरायला घेतला. मी पहिल्यांदाच तिच्या खांद्यावरून पाहिलं. नाव. गाव. खरेदी किंमत. पुढे रिकामा चौकोन.

"हे तू दरवेळी भरतेस?"

"मग? लोकांना वॉरंटी नको व्हय?"

"आणि आकडा?"

"घेतला तोच. खोटं लिहू?"

मी सहादेवचा रामराम आठवला. मग मोबाईल तिच्या हातातून घेतला, चौकोनात ३,४०० लिहिलं आणि बटण दाबलं. लिडिया फडक्याने कपाट पुसू लागली. पुसलेलंच.

मोबाईल परत दिला तोच तो वाजला. हे नवीन होतं. गोरक्षनाथने आवाज मोठा केला. रेकॉर्ड केलेली बाई बोलत होती.

"पंप चौतीसशे रुपयांना घेतला असल्यास एक दाबा. कमी किमतीत घेतला असल्यास दोन दाबा."

"काय म्हनती ही?"

"एक दाबा," मी म्हणालो.

त्याने बाईचं पुन्हा एकदा नीट ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. अंगठा एकच्या वर धरला, टेकवला नाही.

"शेठ," तो म्हणाला, "अजून शंभर सुटतील का वो?"