तीन लाखांची दृष्ट

दोन वर्षं मी इन्स्टावर चित्रं टाकतेय. दोन वर्षं! खाडीतल्या होड्या टाकल्या, वाळत घातलेले बोंबील टाकले, चौलच्या सुपारीच्या वाड्या टाकल्या. बघणारे किती? एकशे बारा. त्यातले ऐंशी नातेवाईक, आणि ते चित्र न बघताच बदाम ठोकून मोकळे होतात. एका मावशीने तर माझ्या बोंबलांखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. डोकं फिरणार नाही तर काय होणार माझं?

वरून निकेतचे सल्ले. निकेत माझा चुलतभाऊ, अलिबागला मोबाईलच्या दुकानात कामाला. "अमिषाताई, गाणं लाव. संध्याकाळी सातला टाक. चित्राच्या बाजूला नटूनथटून उभी राहा." अरे, मी चित्रं दाखवतेय की लग्नाला उभी राहिलेय?

या पावसाळ्यात मासेमारी बंद होती तेव्हा तुळशीरामकाकांनी होडी रंगवायला काढली. मी तिच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, काकीचं चित्र काढलं. मासळीच्या लिलावात ओरडणारी काकी. तोंड हे एवढं उघडं, एका हातात पापलेट, दुसरा हात समोरच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलेला. आठ दिवस मान मोडून काढलं. माझ्या हातून एवढं चांगलं आधी कधीच उतरलं नव्हतं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. काकीने येऊन बघितलं आणि म्हणाली, "दात जास्त काढलेस." झालं कौतुक.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली त्याचा व्हिडिओ मी वैतागूनच टाकला. गाणं नाही, बिणं नाही, मागे काकीचा खरा आवाज. तीन दिवसांत तीन लाख लोकांनी बघितला!

आता ऐका, लोकांनी काय बघितलं. "काकी, पापलेट काय भाव?" असं विचारणारे चार हजार. चित्र कुणी काढलं, असं विचारणारे सहा. कुठल्याशा पेजने तर तो उचलून खाली स्वतःचंच नाव चिकटवलं. पण त्या सहांतली एक होती हेतल मॅडम, मुंबईच्या एका कलामहोत्सवातली. त्यांना चाळीस फुटी भिंत रंगवून घ्यायची होती आणि भिंतीच्या खाली चित्रकाराचं नाव येणार होतं. "पुढच्या शनिवारी येते. होडी समोर बघते, फोटो काढते, संध्याकाळपर्यंत समितीला पाठवते. शेवटची तारीख तीच आहे." मी तो मेसेज तीनदा वाचला आणि रडले. खोटं कशाला सांगू?

मग मी शहाणपणा केला. धावत जाऊन काकीला तीन लाखांचा आकडा सांगितला.

काकी मटकन खाली बसली. "माझ्या होडीला तीन लाख माणसांनी बघितलं?"

आमच्याकडे नवं जाळं चांगलं दिसतंय असंही कुणी मोठ्याने म्हणत नाही. एका माणसाची नजर लागली तरी दर्या रिकाम्या हाताने परत पाठवतो. आणि ही कार्टी तीन लाख नजरा घरी घेऊन आलेली. मला आधी कळायला हवं होतं.

त्यात पहिल्याच फेरीला जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकून फाटलं. दुसऱ्या फेरीला इंजिन भर समुद्रात बंद पडलं. काका दीड दिवस लाटांवर हेलकावे खात होते, शेवटी आळीतल्या हिरामणच्या होडीने दोर बांधून ओढत आणलं. काका उतरले तेव्हा त्यांचे ओठ खाऱ्या वाऱ्याने फुटले होते. काकीने त्यांना पाण्याचा तांब्या दिला. आणि माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून घरात मीठ-मोहऱ्या-मिरच्यांचा कारखाना सुरू झाला. मी म्हटलं, "काकी, मूठभर पुरतात."

"एका माणसाला पुरतात. तीन लाखांना पुरतात व्हय?" तिने अर्धा किलो मिरच्या जाळल्या. अख्खी आळी खोकत बाहेर आली.

रोज सकाळी पहिला प्रश्न, "आज किती झाले?"

"काकी, इंजिन जुनं आहे. पिस्टन गेला होता, मेकॅनिकने दाखवला ना तुला?"

"नऊ वर्षं न्हाय गेला. आत्ताच बरा गेला?"

घ्या! व्हिडिओ काढून टाक म्हणाली. काढलाही. पण त्या दुसऱ्या पेजवर तो धावतच होता, आणि निकेत तिला तिथला आकडा वाचून दाखवत होता. त्या गाढवाला दोन लगावाव्यात असं वाटत होतं.

शुक्रवारी धक्क्यावर गेले आणि माझं डोकंच उठलं. चित्रातल्या काकीच्या गालावर मुठीएवढा काळा ठिपका. काजळ पाण्यात टिकणार नाही म्हणून बाईने डांबराची तीट लावली होती, तीही बोटाने, वेडीवाकडी.

"काकी! उद्या मॅडम येणार आहेत!"

"येऊं दे. उद्या काका पण दर्यात जाणार हाय."

शनिवारी हेतल मॅडम फोटोग्राफर घेऊन आल्या. भरती चढत होती, होडीत बर्फ भरणं चाललं होतं. त्या बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या. मी पिशवी घट्ट धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. "फार सुंदर," त्या म्हणाल्या, "व्हिडिओपेक्षाही सुंदर. पण हा डाग?"

मी सांगितलं. त्या हसल्या, वाईट नाही हसल्या. "गोड आहे हो. पण समितीला मी काय समजावू? चेहराच खराब दिसतोय. फोटोपुरता पुसा ना, मग लावा परत. एका मिनिटाचं काम."

खरंच एका मिनिटाचं होतं. रॉकेल आणि फडकं मी सकाळपासून पिशवीत लपवून आणलं होतं. फडकं भिजवलं, होडीजवळ गेले, हात वर केला.

काकी बर्फाची टोपली घेऊन बाजूला उभी होती. ओरडली असती तर मी पुसून टाकलं असतं, देवाशप्पथ. पण लिलावात अख्खा धक्का हलवणारी ती बाई गप्प होती. वर काका वाकून जाळं आवरत होते. इंजिनात नवा पिस्टन बसवलाय हे मला ठाऊक होतं. पिस्टनला नजर लागत नाही हेही ठाऊक होतं. तरी हात पुढे जाईना.

"न्हाय पुसणार," मी म्हटलं.

"अहो, पण…"

"हात लावू नका कुणी त्याला!" केवढ्याने ओरडले मी! काकांनीही वळून बघितलं.

मॅडमनी आहे तसाच फोटो काढून घेतला. "पाठवते," म्हणाल्या, "पण कठीण आहे." गाडी गेली. थोड्या वेळाने होडीही गेली. मी फडकं हातात धरून तिथेच बसले. मॅडमचा राग येत होता, काकीचा येत होता, तीन लाखांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त माझा मलाच.

काकी शेजारी येऊन टेकली. "काका परत आला की पूस."

"आणि पुढच्या फेरीला?"

"परत लावीन."

"तेव्हा मला हाक मार," मी नाक पुसत म्हटलं. "तुझी तीट वाकडी झालीय. मी लावीन."