आठवं टोक

वाचनालयाच्या छपरावर चढायच्या दिवशी बाबांनी मला सकाळीच बजावलं, "आधी अंगणाकडच्या भिंतीतली सहा टोकं बघ. तिथे माझं सिमेंट कमी पडलं होतं. बाकीच्या आठांकडे बघायचीसुद्धा गरज नाही."

मी "बरं" म्हटलं. "बघते" म्हटलं असतं तर "बघतेस काय, मी सांगतोय ना" ऐकावं लागलं असतं. चाळीस वर्षांत एवढं तर मी शिकलेच आहे.

बाबा कौलारू छपरांचे मिस्त्री. त्यांचं नाव झालं ते या वाचनालयाच्या छपरावर, मी पाळण्यात होते तेव्हा. आता त्यांचे गुडघे गेले आणि छपरांवर मी चढते. माणसं मला तोंडावर ताई म्हणतात. पाठीमागे तोंडाळ म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते काही अगदीच चूक नाही.

वाचनालयाच्या वरच्या दालनावर सात लाकडी कैच्या आहेत. कैची म्हणजे जाड तुळयांचा त्रिकोण. तो रस्त्याकडच्या भिंतीपासून अंगणाकडच्या भिंतीपर्यंत जातो आणि कौलांचा सगळा भार पेलतो. प्रत्येक कैचीची दोन टोकं भिंतींत शिरलेली असतात, म्हणजे एकूण चौदा. छपराचं दुखणं बहुतेक या टोकांतच असतं, कारण ती कुणाला दिसत नाहीत.

बाबांनी या जुन्या छपराची दुरुस्ती केली तेव्हा त्यांच्या जोडीला गवंडीकाका होते. काका जुन्या वळणाचे. टोक चुन्यात बसवायचं आणि भोवती बोटभर जागा मोकळी ठेवायची, लाकडाला वारा लागला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणायचे, भोक ठेवलं की पाणी शिरणारच. त्यांनी रस्त्याकडची सातही टोकं सिमेंटनं गच्च भरली, अंगणाकडचं पहिलं टोक भरलं, आणि सिमेंट संपलं. उरलेली सहा काकांनी आपल्या पद्धतीनं चुन्यात बसवली. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या सहा टोकांची बाबांना अजून लाज वाटते.

कौलं उतरवायला आम्हाला चार दिवस लागले. दोन्ही उतारांवरून बरोबरीनं उतरवावी लागतात. एकाच बाजूची काढत गेलं तर भार कलतो आणि कैची रुसते. पाचव्या दिवशी मी बाबांच्या हुकुमाप्रमाणे अंगणाकडची सहा टोकं उघडली. लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन जोर लावून टोचून पाहिलं. नखभरही आत गेला नाही. हातोडीनं ठोकलं तर लाकूड खणखणीत वाजलं.

मग रस्त्याकडचं पहिलं टोक घेतलं. छिन्नीनं सिमेंटचा एक टवका उडवला आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ओलं, काळं लागलं होतं. दुसऱ्या टोकाचं तेच, तिसऱ्याचं तेच. सातही टोकं तशीच निघाली. मी भिंतीच्या माथ्यावर बसून राहिले. मला राग आला नव्हता, भीती वाटत होती. या कैच्या गेल्या तर आमच्या हयातीत असं लाकूड पुन्हा कुणी या भिंतींवर चढवणार नव्हतं.

सिमेंटचं आठवं टोक, म्हणजे अंगणाकडचं पहिलं, त्या दिवशी उघडता आलं नाही. ते जिन्याच्या माथ्यावर, अगदी कोपऱ्यात आहे. तिथे वेगळी परांची बांधावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सरकारी खात्याचे इंजिनियर साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांचा जीव लोखंडावर होता.

"रस्त्याकडून पाऊस मारतो," ते म्हणाले. "त्या बाजूचं लाकूड कुजलं. उद्या दुसऱ्या बाजूचं कुजेल. लोखंडी कैच्या टाकू आणि वर पत्रा. कायमची कटकट मिटली."

"साहेब, पावसानं नाही कुजलं. सिमेंटनं कुजलं. आत गेलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच नव्हती."

"तुमच्या वडिलांना मी सकाळीच फोन केला होता. ते तर म्हणाले, लाकूड पहिल्यापासूनच हलकं होतं."

माझं तोंड उघडलं, आणि ते उघडलं की लवकर मिटत नाही.

"एकाच तुळईचं एक टोक हलकं आणि दुसरं भारी, असं झाड मी तरी पाहिलेलं नाही. आणि पावसाचं म्हणाल तर त्या कोपऱ्यात आठवं टोक आहे. अंगणाकडे आहे, तिथे पाऊस येत नाही. पण भरलंय सिमेंटनं. ते कुजकं निघालं तर दोष सिमेंटचा. धडधाकट निघालं तर आणा तुमचं लोखंड, मी स्वतः खांद्यावरून वर चढवीन."

साहेबांनी कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बुधवारी फोडा," ते म्हणाले. "माझ्यासमोर. गुरुवारी मला वरती निर्णय कळवायचाय."

मी घरी गेले ती तणतणतच. बाबा खुर्चीत होते, पाय स्टुलावर. आई टेबलाशी मटार सोलत होती.

"लाकूड हलकं होतं?" मी चपलाही काढल्या नाहीत.

"होतं."

"जन्मभर तर सांगत आलात, असं लाकूड पुन्हा मिळायचं नाही."

"माणसाची चूक होते ओळखण्यात."

"मग ती चूक लाकडावर कशाला ढकलताय? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही, बाबा."

"चोर कोण?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता. त्यांचा आवाज शांत झाला की मी लहानपणी घराबाहेर पळायचे.

"तुम्ही," मी म्हटलं.

आईचे हात थांबले. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "टाकू दे त्यांना लोखंड. या वयात कशाला त्यांच्या मागे लागतेस?"

"मूठ झाकायला आख्खं छप्पर जातंय, आई. त्यात कसलाही दोष नसताना."

बाबा खिडकीबाहेर बघत बसले. मी विचारलं, आठव्यात सिमेंट नक्की आहे ना. पालथ्या घड्यावर पाणी. रात्रीचं जेवण आम्ही तिघांनी एकमेकांकडे न बघता उरकलं.

बुधवारपर्यंत मी परांची बांधून घेतली. खरं सांगायचं तर काम करताना मधूनच मनात यायचं, ते टोक धडधाकटच निघू दे. छप्पर जाईल, पण बाबा खरे ठरतील आणि घरात पुन्हा कुणीतरी कुणावर ओरडेल. असं मनात आलं की मी स्वतःलाच शिवी घालायचे आणि दोर आणखी आवळायचे. सात कैच्या दीडशे वर्षं उभ्या होत्या. माझ्या बापाला वाईट वाटेल म्हणून मी त्या मोडीत काढणार नव्हते.

बुधवारी साहेब वेळेवर आले. मी परांचीवर चढले आणि छिन्नी टेकवली. तेवढ्यात खालून जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबा, पुन्हा एक पायरी. वाचनालयाचा जिना बेचाळीस पायऱ्यांचा आहे. आम्ही सगळे नुसते ऐकत उभे राहिलो.

बाबा वर आले. धाप लागली होती, शर्ट पाठीला चिकटला होता.

"खाली उतर," ते मला म्हणाले.

"बाबा, परांची अरुंद आहे. तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे. सिमेंटही माझंच आहे. मी भरलं, मी फोडतो."

माझ्या दोघा सुतारांनी त्यांना काखेत धरून वर बसवलं. त्यांनी छिन्नी हातात घेऊन धार अंगठ्यानं पाहिली, माझ्याकडे असं काही बघितलं की मी मान खाली घातली, आणि कामाला सुरुवात केली. अर्धा तास लागला. घाईचा एकही घाव नाही, वाया गेलेला एकही नाही. असं काम येणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झाली, याचंच मला रडू येत होतं. साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं नाही.

शेवटचा तुकडा खाली पडला. बाबांनी न बघता हात मागे केला. मी स्क्रूड्रायव्हर त्या हातात दिला.

त्यांना जोर लावावाच लागला नाही. मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो तसाच आत राहू दिला आणि परांचीवरून बसल्या बसल्या सरकत शेजारच्या टोकाशी गेले. ते गवंडीकाकांनी चुन्यात बसवलेलं. त्यावर त्यांनी मूठ आपटली. मग तळवा ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

"साहेब, लिहून घ्या," ते म्हणाले. "लाकडाचा दोष नाही. पावसाचा नाही. फोनवर मी तुम्हाला खोटं सांगितलं. सिमेंट मी भरलं होतं, त्यानं कुजलं."

"मिस्त्री, त्या काळी सगळेच भरायचे," साहेब हळूच म्हणाले.

"सगळे नव्हते भरत. माझा गवंडी नको म्हणत होता. मी त्याला चार माणसांत अडाणी म्हणालो."

साहेबांनी मला विचारलं, "टोकं तेवढी बदलता येतील?"

"आठ टोकं कापते, तिथे नवं लाकूड सांधते आणि सगळी चुन्यात बसवते, वारा ठेवून. कैच्यांच्या बाकी लाकडाला हात लावायची गरज नाही."

"पावसाळ्याच्या आत?"

"आत."

त्यांनी फाइल मिटली. "मग कैच्या राहू देत. गुरुवारी मी तसंच सांगतो."

माझी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. मलाही तितकाच आनंद झाला होता. मी बाबांकडे वळले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, चांगलं काहीतरी होतं. ते अजून परांचीवरच होते, आणि भिंतीकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होते.

"पोरी, वही आहे का?"

"कशाला?"

"लिही. कचेरी. जुना दवाखाना. पोस्ट. नदीकडची शाळा." ते थांबले आणि पुन्हा मोजायला लागले. "अकरा आहेत. इथलं काम बघून लोकांनी बोलावलं, आणि मी सगळीकडे हेच केलं."

मी खिशातून वही-पेन्सिल काढली. "त्यांतली किती टोकं सिमेंटची?"

"सगळी. इथे कमी पडलं म्हणून मला फार लागलं होतं. त्यानंतर मी कुठेच कमी पडू दिलं नाही."

साहेब फाइल हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते, ते तिथेच थांबले. मी शाळा सगळ्यात वर लिहिली. अक्षर वाकडं आलं.

"उद्या सकाळी आधी तीच बघते," मी म्हटलं.

"उद्या नाही, आत्ता," बाबा म्हणाले आणि खाली उतरायला माझ्याकडे हात पुढे केला. "शाळा सुटली नसेल अजून. आधी फोन कर. वरच्या वर्गातली मुलं खाली उतरवा म्हणावं."