ट्रॉलीचा लॉक

"बाई, खालून काईतरी लागून राह्यलं!" सुनिल ओरडला, आणि बोटीला असा दणका बसला की बुधरीच्या सलाईनची बाटली माझ्या हातातून निसटलीच.

"बाई बाई काऊन करतं? समोर पाह्य!" मी त्याच्यावर खेकसले.

बुधरीला सकाळपासून कळा येत होत्या आणि बाळ आडवं होतं. माझ्या उपकेंद्रात अशा बाळंतपणाची सोय नाही. तिला आजच्या आज एटापल्लीच्या दवाखान्यात पोचवलं नाही तर दोघंही हातचे जातील, एवढंच मी नर्स म्हणून सांगू शकत होते. रस्ता पाण्याखाली होता. नदी धानाच्या बांद्यांत, म्हणजे खाचरांत शिरलेली, आणि आम्ही तालुक्याची पुराची बोट घेऊन लोकांच्या शेतांवरून चाललेलो. पुढे बुधरीचा सासरा डोमा बांबू टाकून पाण्याचा अंदाज घेत होता. मागे सुनिल मोटर चालवत होता. त्याच्या बाजूला माझा नवरा कय्यूम, आपल्या हातच्या कामाकडे कौतुकाने बघत बसलेला.

ते काम म्हणजे मोटर वर-खाली करायचं हायड्रॉलिक. मूळचं गळून बंद पडलं होतं आणि पार्ट काही केल्या मिळत नव्हता. कय्यूम मूल गावच्या राइस मिलवाल्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दुरुस्त करून मिस्त्री झालेला माणूस. त्याने ट्रॉलीचाच लहान जॅक मोटरीला बसवला. बटण दाबलं की मोटर सुरसुर वर, सुरसुर खाली. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आमचे साहेब दोन दिवस घरात हवेत चालले.

पाण्याखालचा दुसरा धुरा, शेताचा बांध, लागला. या वेळी मोटर जिला टांगलेली होती ती मागची फळी करकरली.

"कय्यूमभाऊ, ठोकर लागली का मोटर आपोआप उचले पयले," सुनिल म्हणाला. "आता काऊन नाई उचलून राह्यली?"

कय्यूम वाकून जॅककडे बघायला लागला. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"काय झालं? बोला न!"

"लॉक," तो म्हणाला. "म्या जॅकले लॉक बसवला, जरीना."

आमच्याकडे लॉक बसवल्याशिवाय कुठलाही मिस्त्री ट्रॉलीचा जॅक हातावेगळा करत नाही. उचललेल्या ट्रॉलीखाली माणूस शिरतो; जॅक सुटला की तो माणूस संपला. म्हणून हात सवयीनेच लॉक बसवतो. पण लॉक जॅकला वर-खाली दोन्हीकडून आवळून धरतो. ट्रॉली पडायला नको आणि मोटर तर ठोकर बसताच वर उडायला हवी. आता ती उडत नव्हती. सगळा मार फळी खात होती.

"पुढं दगडी बंधारा हाये," डोमा मागे न बघता म्हणाला. "पानी लय ओढते तिथी."

"मोटर वर उचलून घ्या न मग!"

"वर घेतली तं पंखा पान्याबाहेर. बोट ढकलंन कोन? धार सिधी नदीत नेईन आपल्याले."

कय्यूमने सुनिलकडून पाना घेतला आणि पोटावर पालथा पडला. लॉकचा बोल्ट फळी आणि मोटर यांच्या मधल्या फटीत होता. हात कुठे घालावा लागणार ते मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

"मराचं हाये काय तुमाले? दुसरं काईतरी करा!"

"दुसरं काय? सांग न मले."

बुधरीने माझं मनगट आवळून धरलं होतं. त्या माणसाचा एवढा राग मला उभ्या संसारात आला नव्हता. एवढी भीतीही वाटली नव्हती.

"सुनिल, हळू करू नोको," तो तसाच पालथा म्हणाला. "मी हात काढीन तवा काढीन."

"बंधारा!" डोमा ओरडला.

पाना फिरला. अडकला. कय्यूमने शिवी हासडली, पाना पुन्हा फिरला आणि पाण्यावर काळं तेल पसरलं. "सुटला!" तो म्हणाला, तेवढ्यात खालून दगड लागला. मोटर गरकन वर उडाली, सुनिलने रेस सोडली, बोट बंधाऱ्यावरून घसरत पलीकडे गेली. मग मोटर खाली आली. कय्यूमच्या उजव्या हातावर.

तो ओरडला नाही. मीच ओरडले, "या अल्ला!"

बुधरी वाचली, तिची मुलगीही वाचली. ते आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते काठावरचं.

काठावर बाइक अॅम्ब्युलन्स उभी होती. चिखलात दुसरी गाडी येतच नव्हती. बाजूच्या खाटेवर एक पेशंट, चालवणाऱ्याच्या मागे एक माणूस, बस्स. मी कय्यूमच्या हाताला ओढणी गुंडाळली. बोटांकडे नीट पाहिलं नाही, पाहवलं नाही. ओढणी लगेच भिजली.

"तिले पाह्य पयले," तो म्हणाला. "जा."

"अन् तुमी?"

"मी इथीच हावो. गाडी वापस येईन न. जातो कुठी?"

रक्त वाहत असलेलं माणूस सोडून मी कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले, आणि तेही माझंच माणूस. गाडी वळली तेव्हा मागे पाहिलं. तो बोटीला टेकून बसला होता. मी काळजी करू नये म्हणून हात हलवत होता. डावा.